उंबऱ्याबाहेरचं घमेलं

दोन हजार पंचवीस साल सरलं तेव्हा मी शहात्तर वर्षांचा होतो. हे वय कागदावरचं. आई म्हणायची, तू बाजरी काढणीला झालास. साल तिला ठाऊक नव्हतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते आजवर चाललंय. त्या मास्तरांकडे मी तिसरीपर्यंत होतो. पुढे हातात थापी आली ती सुटली नाही. अंबडला कारखाने उभे राहत होते तेव्हा त्यांच्या भिंती बांधणाऱ्यांत मी होतो. त्या भिंतींच्या आत आज काय बनतं ते मला सांगता यायचं नाही. भिंती अजून उभ्या आहेत एवढं जाता येता दिसतं.

डिसेंबर आला की टीव्हीवाले वर्षभरात काय काय झालं ते दाखवतात. आमच्याकडे जे झालं ते त्यात नव्हतं म्हणून मी लिहितोय.

त्यांच्या यादीतलं म्हणाल तर मे महिन्यात लढाई लागते की काय असं झालं होतं. त्या दिवसांत देवळाली कॅम्पकडून तोफांचा आवाज आला की गल्लीतली माणसं बाहेर येऊन वर बघायची. तो आवाज सरावाचा, आम्ही जन्मभर ऐकतोय, पण बातम्या बघितल्या की ओळखीचा आवाजही परका वाटतो. मग पाऊस लागला तो दिवाळी झाली तरी जाईना. द्राक्षवाल्यांचं वाटोळं झालं. कुंभमेळा अजून लांब आहे, पण रस्ते आत्ताच खणून ठेवलेत. झाडं तोडायची म्हणून माणसं झाडांना मिठ्या मारून उभी राहिली, ते टीव्हीवर बघितलं. निवडणूक आली. मतं मागायला जे आले ते सगळे मला बाबा म्हणाले.  मत कुणाला द्यायचं ते मी घरातही सांगत नाही.

आणि बिबट्या. बिबट्या या वर्षी नाशकात आला असं म्हणतात. तो पूर्वीपासून होताच, उसात होता. आता बंगल्यांच्या गल्लीत फिरायला लागला तेव्हा पेपरात आला.

आमचं घर अंबडच्या मागच्या अंगाला, जिथे कारखाने संपतात आणि मळे सुरू होतात तिथे आहे. पुढे रस्ता, मागे नाला, नाल्यापलीकडे ऊस. घर मी स्वतः बांधलं. दोन खोल्या आधी, वरच्या दोन मुलाचं लग्न ठरल्यावर. पुढे ओटा, आणि ओट्यावरून आत जाताना काळ्या दगडाचा उंबरा. हल्ली लोक उंबरा घालत नाहीत, फरशी सरळ आत नेतात. मी घातला. खालच्या चिऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि मग दगड बसवला. उंबऱ्याच्या आत घर आणि बाहेर जग, असा माझा हिशेब. चप्पल बाहेर, वाद बाहेर, जनावर बाहेर.

घरात आम्ही चौघं. मी, माझी बायको, मुलगा आणि सून. मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात कामाला, वेगवेगळ्या पाळीला. आणि पाचवी कुत्री.

कुत्री माझ्या शेवटच्या कामावरची. अंबडला एका शेडचं प्लास्टर चालू होतं. तिथल्या रेतीच्या ढिगात एक कुत्री व्याली होती. पिल्लं एक एक करून गेली, कोणी नेली, काही गाडीखाली आली. एक उरलं. काम संपलं त्या दिवशी मी हत्यारं आवरली, घमेल्यात ते पिल्लू ठेवलं, घमेलं डोक्यावर घेतलं आणि घरी आलो. बायको दारात उभी होती. तिला वाटलं उरलेलं सिमेंट आणलं. बघितल्यावर म्हणाली, "निवृत्तीचा फंड आणला वाटतं."

तेव्हापासून ती त्याच घमेल्यात झोपते. आता मावत नाही. पुढचे पाय आणि मुंडकं बाहेर येतं, तरी झोपते. घमेलं गंजलंय, त्यात मी गोणपाट घालतो. नाव ठेवलं नाही. यू यू केलं की येते. तोफांना घाबरते, दुसऱ्या कशाला नाही. देवळालीला सराव सुरू झाला की माझ्या पायांत येऊन बसते आणि आवाज थांबला की लाज वाटल्यासारखी उठून जाते. ओट्यावर तिचं राज्य. उंबऱ्याच्या आत तिने कधी पाय टाकला नाही. मी टाकू दिला नाही म्हणा.

मार्गशीर्ष लागला आणि थंडी पडली. या वर्षीची थंडी चांगली होती. पाऊस मुरलेला असला की थंडी अशीच पडते, जमिनीतून वर येते. आमच्याकडे खंडोबाचे सहा दिवस बसतात. सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीला, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. आषाढापासून वांगं बंद असतं, त्या दिवशी सुटतं. तळी उचलायची, आणि नैवेद्यातला पहिला घास कुत्र्याला. कुत्रं खंडोबाचं. कुत्र्याने खाल्ल्याशिवाय आमच्या घरात त्या दिवशी कोणी खात नाही.

त्या दिवशी आमच्या कुत्रीने रोडगा खाल्ला, भरीत चाटलं, आणि आम्ही जेवायला बसलो. जेवताना सुनेने विषय काढला. नाल्यापलीकडच्या मळ्यातलं कुत्रं आदल्या पहाटे गेलं होतं. सकाळी साखळी सापडली आणि साखळीला पट्टा. सून म्हणाली, नाना, थंडीचे दिवस सरेपर्यंत कुत्रीला रात्रीचं आत घेऊ, जिन्याखाली झोपेल. मुलगा म्हणाला, तिचं बरोबर आहे. बायको काही बोलली नाही, म्हणजे तिचंही तेच मत होतं.

मी म्हणालो, कुत्रं राखणीला असतं, आपण कुत्र्याची राखण करायची का. मुलगा म्हणाला, नाना, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. कुत्रं आत घेतलं तर तो ओट्यावर येणारच नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्याने ते हसत म्हटलं, आणि वर म्हणाला की नानांना बिबट्या पटेल, पण कुत्रं घरात नाही पटणार. सून हसली. भरीत तिखट झालं होतं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही ती बघत होती.

मी ताटावरून उठलो. हात धुतला. देवापुढे गेलो आणि बेलभंडार उचलला.

ज्यांच्या घरात हे नाही त्यांना सांगतो. बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात घेऊन जे बोलायचं ते मोडत नाही. मोडलं तर देव बघून घेतो. मी म्हणालो, "ही कुत्री माझ्या उंबऱ्याच्या आत झोपली तर त्या घरात मी झोपणार नाही."

 बायको जेवत होती, तिने घास गिळला आणि म्हणाली, "ज्याचं कुत्रं त्याच्याच भंडाऱ्याची शपथ. अहो, देवाला तरी विचारायचं."

हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी उचललेला हात मी खाली घेतला नसता.

पुढे थंडी वाढत गेली. सकाळी दुधवाल्याच्या तोंडातून वाफ निघायची, आणि उसाकडून धुकं येऊन नाल्यावर बसायचं. मी शेकोटी करायचो. शेकोटीला गल्लीतले दोन चार म्हातारे यायचे, बिबट्याच्या गोष्टी सांगायचे. प्रत्येकाच्या मेहुण्याने बिबट्या बघितलेला होता, स्वतः कोणी बघितला नव्हता. वनखात्याने मळ्यात पिंजरा लावला. पिंजऱ्यात शेळी बांधली. शेळी रात्रभर ओरडायची, कुत्री तिला उत्तर द्यायची, आणि झोप कोणालाच लागायची नाही. एके रात्री शेळी ओरडायची थांबली. सकाळी कळलं, शेळीला मालकाने परत नेलं होतं. त्याला तिची दया आली म्हणे.

मग एका संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा स्कूटरच्या उजेडात तिला नाल्याच्या कठड्यावर काहीतरी दिसलं. मांजराहून मोठं, एवढंच तिला सांगता आलं. तिने स्कूटर लावली, ओट्यावर आली, कुत्रीला घमेल्यासकट उचललं आणि उंबरा ओलांडून जिन्याखाली नेऊन ठेवलं. मी खुर्चीवर बसलो होतो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. स्कूटरची किल्ली तशीच राहिली होती, ती मी काढून आणली. 

जेवण झाल्यावर मी माझी गोधडी, कांबळं आणि कानटोपी घेतली आणि ओट्यावर बाज टाकली. मुलगा समजवायला आला. म्हणाला, नाना, बाहेर बिबट्या आहे. मी म्हणालो, मी कुत्रं नाही. तो म्हणाला, बिबट्याला अंधारात काय कळतं. मी कांबळं डोक्यावर ओढून घेतलं.

आत कुत्री कुंई कुंई करत होती. थोड्या वेळाने दाराला नखं लागायला लागली. नवा रंग दिलेलं दार. मुलाने कंटाळून दार उघडलं. ती बाहेर आली, बाजेखाली शिरली आणि गप्प झाली. मागोमाग मुलाने घमेलं आणून ठेवलं आणि म्हणाला, "झालं? आता बिबट्याला दोन ताटं वाढली."

म्हणजे जे झालं ते असं. कुत्री आत असली तर मी बाहेर. मी बाहेर असलो की कुत्री बाहेर. आता ती बाहेर होती, तर शपथेप्रमाणे मी आत जायला हरकत नव्हती. मी आत जायला उठलो, तर सून दारात उभी. म्हणाली, नाना आत आले की मी पुन्हा कुत्रीला आत आणणार. तिची माझ्याशी बरोबरी नाही, पण हट्टात ती या घरात शोभते. मी परत बाजेवर बसलो.

असं रोज चाललं. रोज ती कुत्रीला आत न्यायची, रोज मी बाहेर यायचो, रोज कुत्री माझ्या मागे यायची. गल्लीत कळलं. शेकोटीवाले म्हातारे विचारायचे, काय, काल कोण जिंकलं. मी सांगायचो, कुत्री.

मला त्रास नव्हता. उघड्यावर झोपायची मला सवय आहे. बांधकामावर अर्धं आयुष्य विटांच्या आडोशाला झोपलोय. पण माझ्या बायकोला दमा आहे. थंडीत तिची छाती वाजते, आणि तिला वाटतं ते मला ऐकू येत नाही. नाताळच्या सुमाराला एका संध्याकाळी मी बाज टाकली, तर तिने शेजारी चटई टाकली. चटईवर गादी, गादीवर दोन गोधड्या. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, आत एकटीला भीती वाटते. या बाईला भीती वाटलेली मी जन्मात बघितली नाही. पूर्वी ती माझ्यासोबत कामावर यायची, तिथे साप निघाला तेव्हा तिने फावड्याने मारला होता आणि मग सगळ्यांना चहा दिला होता.

मुलगा ओरडला. सून रडली. आम्ही दोघं आणि मधे कुत्री, असे ओट्यावर झोपलो. पहाटे तिची छाती वाजायची तेव्हा कुत्री उठून तिच्या तोंडाकडे बघत बसायची. मीही बघायचो. 

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तिला श्वास पुरेना. ओठ निळसर झाले. मुलगा कामावर होता, सुनेने तिला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. मी रिक्षाने मागून गेलो. तिथे तोंडाला पट्टी लावून यंत्राने वाफ दिली. डॉक्टर लहान मुलगा होता, सुनेपेक्षा लहान. त्याने विचारलं, आजी झोपतात कुठे. सून माझ्याकडे बघायला लागली. बायकोने पट्टी बाजूला केली आणि सांगितलं, घरात. मग पट्टी परत लावली.

डॉक्टर म्हणाला, थंड हवा अजिबात नको, पुन्हा असं झालं तर भरती करावं लागेल.

घरी आलो. संध्याकाळ झाली. समोरच्या सोसायटीत गाणी सुरू झाली, नवीन वर्षाची. बायकोने औषध घेतलं, दोन घास खाल्ले आणि चटई उचलून ओट्यावर आली.

मी म्हणालो, "आत जा."

"तुम्ही चला."

"मला जाता येत नाही. तुला ठाऊक आहे."

"मला आत पाठवता, कुत्रीला बाहेर ठेवता, स्वतः मधे बसता," ती म्हणाली. "हा उंबरा आहे का टोलनाका?"

ती हे सलग बोलली नाही. दर दोन शब्दांनी थांबत होती. चटई उलगडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली, भिंतीला हात लावून. मी चटईचं एक टोक धरलं. दुसरं टोक तिच्या हातात. ती सोडेना, मीही सोडेना.

माझ्या बापाने एकदा चुलत्यावरून बेलभंडार उचलला होता, बांधाच्या भांडणात. त्याच्या दारचं पाणी पिणार नाही म्हणून. दोघं भाऊ कित्येक वर्षं एका विहिरीवर येऊन दोन बाजूंना उभे राहायचे. शेवटी चुलती गेली, तिच्या तेराव्याला तरी पाणी प्यायला हवं, तेव्हा बापाने बेलभंडार खाली ठेवला. आमच्यात रीत अशी की घरात उचललेला भंडारा घरात ठेवता येत नाही. देवाच्या पायरीवर नेऊन ठेवायचा, आणि ज्याच्यावरून उचलला त्याला सोबत न्यायचं. बाप आणि चुलता एकाच बैलगाडीत बसून गेले. मी गाडीत मागे होतो. जाताना दोघं एक शब्द बोलले नाहीत. येताना बैलांवरून भांडत आले. मला तेव्हा वाटलं होतं, बाप हरला. त्या संध्याकाळी चटईचं टोक धरून उभा होतो तेव्हा मला बापाचं वय आठवलं. तो तेव्हा माझ्यापेक्षा बराच लहान होता.

मी म्हणालो, "उद्या टेकडीवर जातो."

देवळाली कॅम्पच्या खंडोबाच्या टेकडीला आमच्यात नुसतं टेकडी म्हणतात. तिला कळलं. तिने विचारलं, "कुत्रीला घेऊन?"

"रीतच आहे."

 तिने चटईचं टोक सोडलं, उंबरा ओलांडून आत गेली आणि आतून म्हणाली, "कानटोपी घाला."

त्या रात्री मी बाहेरच झोपलो. बेलभंडार अजून खाली ठेवलेला नव्हता. उद्या जाणार म्हणून आज मोडायचं, असं आमच्यात चालत नाही. सुनेने कुत्रीला आत नेलं नाही. तिने फक्त घमेल्यात आणखी एक गोणपाट घातलं आणि ओट्याची दोन्ही टोकं घरामागे पडलेल्या जुन्या पत्र्यांनी बंद केली. तिने ते बरं लावलं होतं. मी तिला तसं सांगितलं नाही, पण सकाळी पत्रे काढले नाहीत.

सकाळी उजाडायच्या आधी उठलो. मळ्यातल्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ केली, ते थंडीत गरम असतं. धोतर नेसलो. बेलाचं पान आणि भंडारा कागदात बांधून खिशात ठेवला. कुत्रीच्या गळ्यात सुतळी घातली, ती तिला कधी घातली नव्हती, तर ती बसूनच राहिली. शेवटी ज्या घमेल्यातून आणली त्याच घमेल्यात बसवली आणि घमेलं उचलून रस्त्यावर आलो. पूर्वी डोक्यावर घेतलं होतं. आता पोटाशी धरलं.

पहिला रिक्षावाला नाही म्हणाला. दुसरा थांबला. मफलर सोडून त्याने बघितलं.

"बाबा, हिला घेऊन कुठं?"

"टेकडीला."

"कुत्रीचा नवस आहे का?"

"माझा आहे," मी म्हणालो. "ती साक्षीदार."

तो हसला आणि मागची सीट पुसली. सगळ्या रस्त्यात थंडी होती, आणि रस्ता खणलेला होता. कुत्री घमेल्यात उभी राहून बाहेर बघत होती. देवळालीला तोफा गप्प होत्या, सुट्टी असावी. पायऱ्या चढताना मी चार ठिकाणी बसलो. कुत्री बसली नाही, ती पुढे जाऊन थांबायची आणि मागे बघायची. वर गेल्यावर कागद सोडला, पान आणि भंडारा पायरीवर ठेवला. देवाला काही बोललो नाही. उचलताना जे बोललो ते त्याने ऐकलं होतं, ठेवताना त्याला दिसत होतं. बोटाला लागलेली हळद कुत्रीच्या कपाळाला लावली. ती तिने लगेच पंजाने पुसायला घेतली.

घरी आलो तेव्हा बायको उन्हात बसून मेथी निवडत होती. छाती वाजत होती, पण कमी.  कुत्रीचं पिवळं कपाळ तिला दिसलं.

मी घमेलं नळाखाली घासून धुतलं, त्यात कोरडं गोणपाट घातलं, आणि उचलून उंबऱ्याच्या आत ठेवलं. जिन्याखाली नाही. उंबऱ्याला लागून, एक वीतही पुढे नाही.